जमेल तेव्हा

बाणेरला, सातव्या मजल्यावर, काचेच्या खोलीत
तिघे बसलेत. मधल्याने माझा अर्ज उलटा धरला होता, सरळ केला.
"समजा, एकाच वेळी दहा कामं आली,
सगळी तातडीची. आधी कुठलं घ्याल?"

हे उत्तर मला पाठ आहे.
भाचीने, केतकीने, रात्री बसून करून घेतलंय:
चार चौकोन काढायचे, तातडीचं, महत्त्वाचं,
मग एक उदाहरण, मग त्यातून काय शिकलात,
दोन मिनिटांच्या आत. हात मांडीवर. चेहरा हसरा.

मी तोंड उघडलं
आणि डोक्यात उंड्रीचा फोन वाजला.

अकरा वर्षं टँकरच्या ऑफिसात होते, पिसोळी रोडला.
पत्र्याची खोली, एक पंखा, दोन फोन, एक रजिस्टर.
टँकर सात. त्यातला एक कायम गॅरेजला, म्हणजे सहा.
गुरुवारी शहराचं पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने,
आणि एप्रिलातल्या शुक्रवारी सकाळी नऊच्या आत
एकोणपन्नास फोन.

आधी कुठलं?
जो ओरडतो त्याचं, साहेब. खरं उत्तर एवढंच.
हांडेवाडीचा चेअरमन, त्याला नगरसेवक ओळखतो.
बिल्डर, आज त्याचा स्लॅब आहे.
मंगल कार्यालय, चारशे पानं उठायची,
आचारी डाळीत हात घालून थांबलेला.
आणि वडाचीवाडीहून ससाणे बाई:
"जमेल तेव्हा पाठवा हं. घाई नाही."
मी लिहून घेतलं. घाई नाही.

तिसऱ्या दिवशी हुसेनभाई त्यांच्याकडे टँकर रिकामा करून आला,
पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
ताई, त्यांच्याकडे माणूस अंथरुणाला खिळलंय.
दारात चादरींचं बोचकं होतं,
तीन दिवसांचं.
मीच तोंड फिरवलं.

रात्री रजिस्टर चाळलं.
जमेल तेव्हावाले सगळे पानाच्या तळाला,
महिनोन्महिने, माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवसापासून हळू बोलणाऱ्यांच्या नावापुढे
पेन्सिलीने टिंब. टिंबं आधी.
मालकाने विचारलं, हे काय? म्हटलं, जुनी गिऱ्हाइकं.
चेअरमन बोंबलला. बोंबलू दे.
बोंबलायला घसा ओला आहे,
म्हणजे घरात प्यायला पाणी आहे.

पण खोटं कशाला सांगू,
एकदा टिंबांच्या मागे शाळेचा टँकर राहिला,
साडेदहाला पोरं घरी सोडली,
त्यात हुसेनभाईची नातही होती.
तो काही बोलला नाही. त्याच्याही नावापुढे
टिंब काढावं असं वाटलं.
पद्धत म्हणाल तर
मला सापडलेली नाही.

यातलं एक अक्षर बोलले नाही.
चौकोन सांगितले. तीन नीट आले, चौथा विसरले.
मधल्याने मान हलवली, ज्या अर्थी हलवतात त्या अर्थी.

डावीकडची मुलगी इतका वेळ गप्प होती.
"आणि तरीही काम उरलं तर?"
"उरतंच."
हे केतकीच्या कागदावर नव्हतं.
"मग?"
"मग ज्याचं उरलं त्याला आपण फोन करायचा.
त्याने करायच्या आधी."
तिने काहीतरी लिहिलं. एकच शब्द असावा.
उलटं वाचायची मला सवय आहे, पण अक्षर बारीक होतं.

"ठीक आहे, कळवतो आम्ही," मधला म्हणाला.
मी पर्स उचलली, खुर्ची आत सरकवली,
"काही घाई नाही," म्हणाले,
"जमेल तेव्हा कळवा,"

आणि लिफ्टपाशी येईपर्यंत
मी काय बोलले ते
मला ऐकूच आलं नव्हतं.